उज्जूचं तिसरं उत्तर

उज्जू, बसवत नाही गं. खुर्चीत बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही. सकाळी घासलेली भांडी मी दुपारी परत घासली. आई म्हणाली, "शमे, स्कूटर घे आणि जरा बाहेर जाऊन ये, घरातल्या घरात घिरट्या घालू नको." म्हणून केरीपर्यंत गेले. तेरेखोलला जाणारी फेरीबोट लागलेली होती, पण चढले नाही. पलीकडे उतरून करायचं काय? तशीच मागे फिरले. मोप्याच्या चढावर असताना डोक्यावरून विमान गेलं आणि तुझा आवाज आठवला, "आयलें तुमचें डबल डेकर!" विमानाला डबल डेकर म्हणणारी अख्ख्या गोव्यात तू एकटीच असशील.

तुझं बारावं झालं. जेवायला आलेले लोक तुझ्याबद्दल बरंच चांगलं बोलले, त्यातलं निम्मं तुला पटलं नसतं. कोणीतरी म्हणालं, "शांत मुलगी होती." मला हसू फुटलं, म्हणून मी घाईघाईने भाताचा मोठा घास तोंडात कोंबला. तू आणि शांत! डिचोलीत आपल्या कामाच्या खोलीच्या खाली पाव भाजणारा पोदेर तुझा आवाज चढला की जिन्यातून हाक मारायचा, "आज कोण जिखलें गो?" जिंकायचं कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी भांडण आदल्या दिवशी सोडलं तिथूनच पुढे सुरू व्हायचं.

तुझा एक प्रश्न माझ्याकडे पडून आहे. ही सगळी तगमग त्याच्यामुळे आहे. सर्वणच्या तुमच्या घरी तू आजारी, जनेलाशी खाट लावून पडली होतीस, बाहेर शेतात नांगरट चालली होती. पुण्याच्या कंपनीने मला बोलावलंय हे तुला मीच सांगितलं होतं. तू विचारलंस, "तूं हांगा रावतली मगे?" इथेच राहशील ना, असं. मी काही म्हणायच्या आधी तूच हात हलवून प्रश्न खोडलास. "ना, तशें न्हय. 'मगे' म्हणल्यार तूं हय म्हणटली. सारकें विचारतां. हांगा रावतली काय ना?"

मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. तेच मी सांगितलं, "खबर ना."

तू खूश झालीस. पुण्याची बातमी ऐकून नाही, उत्तर ऐकून. "बरें," म्हणालीस, "पूण केन्ना परत विचारूं?" पुढच्या आठवड्यात विचार, असं मी म्हटलं. पुढचा आठवडा आला तेव्हा तू शुद्धीवर नव्हतीस.

हे 'खबर ना' प्रकरण काय आहे ते बाराव्याला आलेल्या कोणालाच माहीत नव्हतं. तुझ्या मावशीने मला विचारलं, "तुम्ही दोघी नेमकं काय करत होता?" मी म्हटलं, वाड्यावाड्यावरच्या पाण्याच्या टाक्यांचं काम. टाकीत एक सेन्सर बसवायचा, टाकी किती भरली आहे ते तो सांगतो, त्यावरून पंप चालू किंवा बंद होतो आणि पाणी येणार की नाही हे लोकांना सकाळी मोबाईलवर कळतं. मावशी म्हणाली, "म्हणजे प्लंबिंग." मी हो म्हटलं. तू असतीस तर तासभर तिला सोडली नसतीस.

तुझ्या बाबांना मात्र तू नीट समजावलं होतंस. ते गावच्या देवळात पुजारी, आणि लेक दिवसभर त्या पेटीत काय लिहिते हे त्यांना कळून घ्यायचं होतं. तू म्हणालीस, "बाबा, प्रोग्राम म्हणजे खूप लहान लहान कामगार. प्रत्येकाला एकच काम येतं. त्याला फंक्शन म्हणतात. त्याच्या हातात लागेल ते सामान द्यायचं, त्याने काम करून उत्तर परत द्यायचं. तुम्ही गाऱ्हाणं घालता आणि कौल घेता ना, अगदी तसंच." बाबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "तर मगीर हें म्हजेंच काम मगे!" त्या दिवसापासून ते तुझ्या कामाबद्दल गावात अधिकाराने बोलायला लागले.

त्यावरूनच आपलं पहिलं मोठं भांडण झालं. मी सगळी माहिती एका सामाईक जागी ठेवायचे. टाकीची उंची, पंपाची वेळ, वाड्याचं नाव, सगळं तिथे. ज्या फंक्शनला जे हवं ते त्याने तिथून उचलावं. ते बघूनच तुझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. फंक्शनला जे लागतं ते त्याच्या हातात द्यायचं, त्याने इकडेतिकडे हात घालायचा नाही, हा तुझा हट्ट. "बाबा गाऱ्हाणें घालतात तें आयक," तू म्हणायचीस. "कोण आलंय, खंयच्या वाड्यावयलें, कितें विचारता, सगळें सांगतात. देवाक सगळें खबर आसता, तरी सांगतात. तुजें फंक्शन देवापरस शाणें?"

मी म्हणायचे, घरात मीठ कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं, दर वेळी कोणी हातात आणून देत नाही. तू म्हणालीस, "तुमच्या घरात. आमच्याकडे आलीस तेव्हा डब्यातून उचलून आमटीत काय घातलंस?" साखर घातली होती. बाबांनी ती आमटी तशीच संपवली आणि वर "बरी जाल्या" म्हणाले. हे उदाहरण तू पुढे कायम माझ्या तोंडावर मारलंस. डब्यावरचं झाकण बदललं होतं त्यात माझा काय दोष, हे मी अजूनही म्हणते.

मग गणपतीची ती चवथ आली. आदल्या दिवशी वरच्या वाड्यावर माकडांनी सेन्सरची तार तोडली. टाकी काठोकाठ भरलेली. पण सेन्सरकडून काहीच येईना, आणि आपलं फंक्शन असं होतं की काही आलं नाही तर ते शून्य परत द्यायचं. शून्य म्हणजे टाकी रिकामी. सगळ्या घरांना निरोप गेला की टाकीत पाणी नाही. लोक बाल्द्या घेऊन विहिरीकडे धावले. इकडे पंपालाही तेच शून्य मिळालं होतं. टाकी रिकामी आहे अशा समजुतीने तो सुरू झाला, आणि भरलेली टाकी वरून वाहायला लागली. खालच्या घरात गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी आणून ठेवलेली फळं भिजली, नारळाचा घड पाणंदीतून गडगडत खाली आला. एक बाई फोनवर ओरडत होती, "बाये, उदक आसा काय ना, एक कितें तरी सांग!" तिच्या एका बाजूला विहिरीवर रांग आणि दुसऱ्या बाजूला अंगणात पूर. आपल्याला हसावं की रडावं कळेना. ते फंक्शन कोणी लिहिलं होतं यावर आपलं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तू म्हणायचीस मी, मी म्हणायचे तू.

चवथीची धामधूम सरल्यावर तू मला देवळात घेऊन गेलीस. कशाला ते सांगितलं नाहीस. एक कुटुंब कौल घ्यायला आलं होतं, मुलीला सांगून आलेल्या स्थळाबद्दल विचारायला. बाबांनी ओल्या पाकळ्या देवाला लावल्या, खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कितीतरी वेळ एकही पडली नाही. त्या मुलीची आई पदराने कपाळ पुसत होती. तू माझ्या कानाशी लागून म्हणालीस, "पळे, देव ना म्हणना. उलयना." नकार नव्हता तो, देव नुसता बोलत नव्हता. आणि बाबा काय करत होते? ते घरी गेले नाहीत, ना त्यांनी 'पाकळी पडली नाही म्हणजे नकार' असं ठरवलं. त्यांनी त्या माणसांकडे वळून दोन गोष्टी परत विचारून घेतल्या आणि गाऱ्हाणं पुन्हा घातलं, या वेळी जास्त स्पष्ट. मग उजवी पडली. मुलीने डोळे मिटले. तिला ते स्थळ हवं होतं की नको होतं, ते मला कळलं नाही.

खोलीवर येताच तू बसलीस आणि ते फंक्शन मुळापासून लिहिलंस. पाणी आहे. पाणी नाही. आणि तिसरं उत्तर, 'खबर ना'. इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपलेच. नुसतं 'खबर ना'ही नाही. त्याच्यासोबत का कळत नाही ते, आणि परत कधी विचारायचं तेही. तार तुटली आहे, दुपारी विचारा. बॅटरी संपली आहे, उद्या विचारा. शून्याला तू त्याची जागा परत दिलीस. शून्य म्हणजे टाकी खरोखर रिकामी.

मी तुला वेड्यात काढलं. म्हटलं, लोकांना 'आम्हाला माहीत नाही' असं कळवणार? आपल्याकडे असं कोणी बोलतं का? सुतार म्हणतो 'पळोवया', मेकॅनिक म्हणतो 'पळोवया', नवरामुलगा पसंत नसला तरी मुलीकडचे म्हणतात 'पळोवया'. अख्खा मुलूख बघूया-बघूयावर चाललाय. तू म्हणालीस, "म्हणूनच कोणाचाच पंप वेळेवर बंद जायना." आणि माकडांनी परत तार तोडली तेव्हा निरोप पाठवलास: टाकीतल्या पाण्याची आत्ता खबर नाही, तार तुटली आहे, दुपारी परत कळवतो. मी कानावर हात ठेवून बसले. वाटलं, आता शिव्यांचा पाऊस. शिवी एकही आली नाही. एका म्हाताऱ्याने फोन केला, "सांगलें तें बरें केलें," आणि ठेवून दिला. पुढे डिचोलीच्या बाजारात आपण दिसलो की वरच्या वाड्यावरच्या बायका हसायच्या, "खबर ना आयल्यो!" मासे विकणारीसुद्धा आपल्याला त्याच नावाने ओळखायला लागली. तुला त्याचा केवढा अभिमान! मला लाजेने मान वर करवत नव्हती.

तरी एक सांगते, तू अति करायचीस. पुढे पुढे तुझं प्रत्येक फंक्शन उत्तराचं गाठोडं परत द्यायला लागलं. पाणी किती, ते कधी मोजलं, मोजणाऱ्यावर भरवसा किती. मी म्हटलं, देव बघ, एक पाकळी टाकतो आणि मोकळा होतो. तू अर्धा पाव माझ्या अंगावर फेकलास आणि म्हणालीस, "देवाक वेळ ना. म्हाका आसा." हे वाक्य मला आता सहन होत नाही. पण भांडण भांडणाच्या जागी. त्या बाबतीत मीच बरोबर होते, आणि तू नाहीस म्हणून मी माघार घेणार नाही.

आणि तुझ्यावर रागही आहे, तो आत्ताच सांगून टाकते. तू खाटेवर पडल्यापासून पोटावर लॅपटॉप ठेवून काम करायचीस. मी ओरडायचे, "टाक तो बाजूला, झोप जरा." तू म्हणायचीस, "वेळ वचना." मला वाटायचं, खरंच वेळ घालवतेय. आणि 'कशी आहेस' विचारलं की तू 'बरी' म्हणायचीस. रोज, सकाळ-संध्याकाळ, बरी. टाकी रिकामी होत चालली होती आणि तू मला 'बरी' परत देत होतीस. साऱ्या जगाला स्पष्ट उत्तरं द्यायला लावणारी तू! मी तेव्हा तुला पकडायला हवं होतं, तर मी बिस्किटांचा पुडा पुढे करायचे. दोघींनाही माहीत होतं आणि दोघी टाक्यांबद्दल बोलत होतो. उज्जू, मला तू घाबरली आहेस का ते विचारायचं होतं. तू 'हो' म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. पण खाटेवर तुझ्या शेजारी येऊन बसले असते एवढं नक्की.

बाराव्यानंतर तुझा भाऊ संदेश खोलीवर आला. म्हणाला, "शाळा सुटल्यावर मला वेळ असतो. ताईचं काम जमलं तर बघतो." तो शाळेत कम्प्युटर शिकवतो, पण असं काम त्याने कधी केलेलं नाही. मी मनात म्हटलं, बघ बाबा. तो तुझ्या खुर्चीत बसला. मला ते बघवेना, म्हणून मी खाली पोदेराकडे जाऊन उभी राहिले. परत वर आले तर त्याचा चहा तसाच थंड झालेला, आणि तो तुझी फंक्शनं एकामागून एक वाचत चाललेला. एक प्रश्न विचारला नाही. प्रत्येक फंक्शनला काय लागतं ते तिथेच लिहिलेलं, काय परत येतं तेही तिथेच. मध्येच तो हसला आणि म्हणाला, "ताई बोलतेय असंच वाटतं."

मग तो मी लिहिलेल्या भागाकडे आला, आणि त्या दिवसापासून त्याचे फोन थांबत नाहीत. हा आकडा कुठून आला? हे कोण बदलतं? वरच्या वाड्याच्या पाण्यातून वीतभर का वजा करतेस? मी सांगते, तिथला सेन्सर जरा वाकडा बसलाय, तो वीतभर जास्त दाखवतो. जत्रेच्या दिवशी पंप दोनदा का? त्या दिवशी पाहुणे असतात म्हणून. हे कुठे लिहिलंय, तो विचारतो. कुठेच नाही. माझ्या डोक्यात आहे. कुठल्याही फंक्शनच्या हातात मी ते कधी दिलंच नाही, लागेल तेव्हा मी होतेच की!

तू जिच्यावरून भांडायचीस ती सामाईक जागा शेवटी मीच निघाले बघ. हे कळलं तेव्हा मी फोन कानाला लावून जिन्यातच बसले. आणि त्यासोबत दुसरंही कळलं. खाटेवर पडून तू वेळ घालवत नव्हतीस. जिथे जिथे तुझी गरज लागेल, ती प्रत्येक जागा शोधून तू तिथून स्वतःला बाहेर काढत होतीस. उद्या कोणीही आलं तरी तुझ्यावाचून अडू नये अशी सोय करत होतीस. मला वाटलं होतं, उज्जूचं काम आहे, ते सोडून जाणं म्हणजे उज्जूला सोडून जाणं. आणि तू तर सगळं असं रचून ठेवलंस की सोडता यावं. मी खूप रडले, उज्जू. पोदेराने बायकोला वर पाठवलं, ती गरम पाव माझ्या हातात देऊन खाली गेली.

काल सर्वणला गेले. बाबा घरापुढच्या सोप्यावर बसले होते, समोर पेपर, चष्मा खिशात. संदेशकडून त्यांना पुण्याचं कळलेलं. मी कशी बसल्या जागी चुळबुळ करत होते ते त्यांनी पाहिलं असणार. म्हणाले, "कौल घेवया?" सुतक संपल्यावर ते देवळात जायला लागलेत, पण अजून कोणासाठी कौल लावलेला नाही, असं संदेश म्हणाला होता. "कितें विचारूं देवाक? सारकें सांग," ते म्हणाले.

मी प्रश्न जुळवायला लागले. उज्जूचं काम टाकून जाऊ का? नाही, तो प्रश्न आता उरला नव्हता. संदेशला जमेल का? जमतं आहे. आई एकटी पडेल का? आईच रोज विचारते, अजून बॅग का भरली नाहीस. एकेक बाजूला काढत गेले आणि शेवटी देवाला विचारण्यासारखं काही राहिलंच नाही. "नाका, बाबा," मी म्हटलं. "कौल नको. माझं ठरलंय."

त्यांनी काय ठरलं ते विचारलं नाही. समोरच्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "हांवें बायेखातीर कौल लायलो ना." तुझ्यासाठी त्यांनी एकदाही कौल लावला नाही, उज्जू. सगळ्या गावासाठी लावणारा माणूस. "डावो पडलो आसलो जाल्यार?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही मला त्याचं उत्तर ठाऊक असावं. मी त्यांचा हात धरला. आम्ही तसेच बसून राहिलो आणि निदान तेवढा वेळ मला उठावंसं वाटलं नाही.

निघताना मी त्यांना सांगितलं. ते ऐकून त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "उज्जूक सांगलें?"

मी म्हटलं, नाही.

"मगीर तिका सांग. विचारिल्लें तिणें."

म्हणून सांगते आहे, उज्जू. तू विचारलं होतंस, हांगा रावतली काय ना. नाही. मी राहणार नाही, पुण्याला जाते आहे. नुसतं 'नाही' तुला चालणार नाही, कारण हवं असेल. तर ऐक. मला अजून खूप शिकायचं आहे आणि ते इथे शिकवणारं कोणी उरलेलं नाही. दुसरं म्हणजे, तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून काम करणं मला जमत नाही, आणि कधी जमेल असं वाटतही नाही. जाण्याआधी डोक्यातलं सगळं काढून संदेशच्या हातात देईन. तुला वाईट वाटलं असतं हे मला माहीत आहे. तू आवाज चढवून भांडली असतीस, मीही भांडले असते, आणि शेवटी तू म्हणाली असतीस की निदान सरळ सांगितलंस. ते तुझ्या तोंडून ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. राहशील का, असं तू मला विचारलं होतंस. नाही, उज्जू. नाही.